कुठंबाई

“नुसतं गेली म्हणू नका. कुठं गेली ते सांगा.”

हे तिचं बोलणं. दिवसातून कितीदा तरी ती हे म्हणायची, आणि रागावून नाही. एखादी बाई आल्यागेल्याला पाय पुसून आत या म्हणते, तितक्या सहज. शिवणखोलीतली कात्री गेली, तर कुठं गेली. दुपारी वीज गेली, तर कुठं गेली. आयाबाईनं दारातून ओरडून सांगितलं की डॉक्टरीणबाई आत्ताच गेल्या, तर हिचा हात टाका अर्धा ठेवून थांबायचा आणि प्रश्न ठरलेला असायचा. सुरुवातीला बायका हसल्या. मग त्यांनी तिचं नावच कुठंबाई पाडलं, आणि त्या नावाला ती ओ देऊ लागली.

वीज कुठं गेली याचं उत्तर एकदा वायरमननं तिला दिलं होतं. तो शिडीवरून उतरला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “बाई, ती आली तेव्हा कुठून आली ते विचारलं नाहीत. आता गेल्यावर माझ्या मागं का लागता?” कुठंबाई खूप हसली. हसताना ती तोंडावर हात धरायची, कारण पुढचे दोन दात नव्हते. ते कुठं गेले, हे मात्र तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

मनाच्या आजारांचं मोठं इस्पितळ होतं ते. उंच भिंत, भिंतीत लोखंडी फाटक, फाटकात एका माणसापुरतं छोटं दार. आत लांबच लांब वॉर्ड आणि बायकांच्या वॉर्डांच्या टोकाला शिवणखोली. तिथल्या मोठ्या सुयांना, गादी शिवायच्या दाभणांना, दोरी बांधून दोरीचं टोक टेबलाच्या पायाला अडकवलेलं असायचं. त्यामुळे शिवणाऱ्या बाईला दोरीच्या लांबीएवढंच जग. तेवढ्या जगात कुठंबाईनं इस्पितळाच्या सगळ्या फाटक्या गाद्या पुन्हा शिवल्या होत्या. तिचा हात बघायला परिचारिकासुद्धा थांबत. इतका सरळ टाका तू कुठं शिकलीस, असं त्यांनी विचारलं की ती म्हणायची, “घरी.” आणि पुढचा टाका घालायची.

ते घर गादीवाल्याचं होतं.

रस्त्याकडे दुकान, मागं दोन खोल्या. बाबा कापूस पिंजायचं पिंजण घेऊन बसले आणि त्यांनी त्याची ताणलेली तात छेडली की तो घुमारा भिंतीतून शेजाऱ्यांच्या भांड्यांपर्यंत जायचा. कापूस उडायचा, छताला लागायचा, हळूहळू खाली यायचा, आणि घरातल्या सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. घरातल्या धाकट्याला वाटायचं, आपलं घर रोज थोडा वेळ म्हातारं होतं आणि आंघोळ केली की पुन्हा तरुण. बाबांना दोनच मुलं, थोरली मुलगी आणि तिच्या मागून पुष्कळ वर्षांनी आलेला हा मुलगा. बाबांचा गादीचा टाका साऱ्या पेठेत वेगळा होता. दोरा वर यायचा, खाली जाण्याआधी स्वतःच्याच मागून एक वळसा घ्यायचा आणि मग जायचा. त्या वळशामुळे टाक्याला मागं एक बारीक शेपटी दिसे. गिऱ्हाईक विचारायचं, हा काय प्रकार? बाबा म्हणायचे, हा मागं वळून बघणारा टाका आहे, सहजासहजी उसवत नाही. हा टाका त्यांनी पोरांना शिकवला, दुकानातल्या गड्याला नाही.

आईचं शिकवणं वेगळं होतं. आपल्या बोलण्यात निघणारं माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतं. आई या बाबतीत फार कडक. शाळेला निघालेलं पोर जाते म्हणालं की ती हातातलं काम टाकून यायची, त्याला उंबऱ्यातून परत आत घ्यायची आणि येते म्हणायला लावायची. कधी कधी थोरली मुद्दाम जाते म्हणायची आणि आई चिडली की धाकट्याला डोळा घालायची.

कापसानं बाबांची छाती भरली. खोकला आला, राहिला, आणि एका हिवाळ्यात त्यांना घेऊन गेला. आई रडली. धाकटा रडला, मग त्याला मावशीकडे पाठवलं. थोरली रडली नाही. तिनं दुकान झाडलं, राहिलेल्या गाद्या शिवल्या आणि झोपायचं सोडून दिलं. तेव्हा तिचं वय विशीच्या आसपास होतं. आईला वाटलं, दुःख आहे, उतरेल. एके दिवशी जेवताना थोरली घास हातात धरून अगदी शांतपणे म्हणाली, “बाबांचा श्वास गाद्यांत अडकलाय. सोडवायला हवा.” आईनं ऐकलं आणि तिला वाढलं. दुसरं काय करावं ते तिला कळलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी आई मागच्या खोलीत असताना थोरलीनं कात्री घेतली. गिऱ्हाइकांच्या तयार गाद्या भिंतीला रचून ठेवल्या होत्या. तिनं एकेक उतरवली आणि उसवली. उसवतानाही हात सुबक होता, खोळ कुठं फाटली नाही. मग ती कापूस ओंजळीओंजळीनं रस्त्यावर सोडू लागली. वारा होता. कापूस सायकलींवर बसला, भाजीच्या पाट्यांवर बसला, समोरच्या न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेल्या माणसाच्या फेसावर बसला. लोक जमले. कुणी हसलं, कुणी आपलं पोर उचलून घेतलं. आई बाहेर आली तेव्हा थोरली कापसाच्या ढिगात गुडघ्यापर्यंत उभी होती आणि तिच्या तोंडावर मोठं काम संपवलेल्या माणसाचं समाधान होतं.

आईनं तिला बसनं इस्पितळात नेलं. आयुष्यात ती पहिल्यांदाच पोरीला घेऊन एवढ्या लांब निघाली होती. फाटकाच्या छोट्या दारातून त्या दोघी आत गेल्या. डॉक्टरांनी विचारलं ते आईनं सांगितलं. औषध देऊ, ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. वॉर्डाच्या दाराशी थोरलीनं आईच्या पिशवीचा बंद धरला होता. आईनं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि सवयीनं, जिभेवर होतं तेच म्हणाली.

“येते हं.”

थोरली दाराशी उभी राहिली. आई येते म्हणाली होती.

आई घरी पोचली ती दुपार टळताना. मावशी धाकट्याला घेऊन आधीच आली होती. दुकानाच्या कोपऱ्यात अजून कापूस होता. आई वाकून तो झाडूनं बाहेर काढत होती. धाकट्यानं दारातून विचारलं, “ताई कुठाय?” आई वाकलेलीच होती. तिचा घसा कोरडा होता, कंबर धरली होती. ती म्हणाली, “गेली.”

खरं तर तिला एवढंच म्हणायचं होतं की गेली इस्पितळात, येईल बरी होऊन. वाक्य मोठं होतं आणि तिला श्वास पुरला नाही. बाबा गेले तेव्हाही धाकट्याला हाच शब्द सांगितलेला होता. पोरानं जे ऐकलं ते ऐकलं, आणि असा हंबरडा फोडला की समोरचा न्हावी वस्तरा घेऊनच धावत आला. मागोमाग शेजारणी आल्या. मावशीनं विचारलंच नाही, ती सरळ आईच्या गळ्यात पडली. कुणीतरी आईला बसवलं, कुणी पाणी दिलं. आईचं तोंड उघडं होतं. अहो, तशी नाही गेली, असं म्हणायला ते उघडलं होतं. पण तोंड मिटायच्या आधी तिला एक गोष्ट जाणवली. कापूस उडाल्यापासून या बायका तिच्याकडे बघत नव्हत्या, बघितलं तर कोपऱ्यातून. आता त्या तिला टेकून बसल्या होत्या. तिचा हात त्यांच्या हातात होता.

आईनं तोंड मिटलं.

उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणाली. उद्या लोक भेटायला आले. परवा आणखी आले. पोर इस्पितळात गेली आणि सगळं तिकडंच उरकलं, असं लोकांनी आपणच धरलं. मग सांगायची वेळ निघून गेली, आणि काही दिवसांनी आईनं दुकान विकलं, धाकट्याला घेऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. भिंतीच्या आत येते राहिलं, भिंतीच्या बाहेर गेली राहिलं, आणि त्या दोन शब्दांची गाठ पडायला धाकट्याचे केस पिकावे लागले.

आत काय झालं ते ती फारसं सांगायची नाही. जे सांगायची ते असं सांगायची, जणू दुसऱ्याच कुणाचं. आल्या दिवशी तिचे केस कापले, उवा होतील म्हणून. तिला उवा नव्हत्या. सकाळी भिंतीशी ओळीनं उभं करून नळीनं आंघोळ घालत, हिवाळ्यातही. औषध घ्यायला तिनं तोंड उघडलं नाही, तेव्हा दोघींनी धरलं आणि तिसरीनं चमचा घातला. चमचा पितळेचा होता. दात तेव्हा गेले. “त्यांनाही घाई होती,” असं ती म्हणायची. “वॉर्डात बायका शंभर आणि चमचे चार.” ऐकणाऱ्याला कुठं बघावं ते कळायचं नाही आणि ही तोवर दोऱ्याला मेण लावायला लागलेली असायची.

वर्षं गेली तसं इस्पितळ बदललं. नळी गेली, न्हाणीघरं आली. समोर बसून, नाव विचारून बोलणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचं औषध तिला मानवलं. सकाळी हात थोडे थरथरायचे, पण डोक्यातलं धुकं उतरलं. बाबांचा श्वास गाद्यांत नव्हता हे तिला कळलं, आणि ते कळलं तेव्हा कुठं ती बाबांसाठी रडली. इतक्या वर्षांनी. डॉक्टरीणबाई तिच्याजवळ बसून राहिल्या, त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

वॉर्डात मात्र एक जुनी खोड राहिली. सकाळी एखादी खाट रिकामी दिसायची, गादी मधोमध दुमडलेली. आयाबाईला विचारलं की ती म्हणायची, गेली. घरचे येऊन घेऊन गेले तरी गेली, आणि कायमची गेली तरी गेलीच. आयाबाईच्या मागं कामाचा डोंगर; तिला दोन्हींत फरक करायला सवड नव्हती. बायकांना पुढं विचारायचं धाडस नव्हतं. कुठंबाईच्या शेजारच्या खाटेवर एक पोपटीण होती. समोरच्याचा शेवटचा शब्द ती पुन्हा म्हणायची म्हणून ते नाव. जेवलीस का म्हटलं की म्हणायची, का. थंडी आहे म्हटलं की म्हणायची, आहे. एका सकाळी तिची गादी दुमडलेली होती. गेली, आयाबाई म्हणाली. त्या दिवशी तो वॉर्ड जेवला नाही. संध्याकाळी एकीनं पोपटीणीची वाटी धुऊन खिडकीत उपडी ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी एकदा मनावर घेतलं. म्हणाल्या, ही बाई बरी आहे, हिचं घर शोधा. इस्पितळातल्या एक समाजसेविका तिनं सांगितलेल्या पत्त्यावरून त्या जुन्या पेठेत गेल्या. दिवसभर हिंडून परत आल्या त्या वेगळाच चेहरा घेऊन. शिवणखोलीत त्या बसल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा पाणी प्यायल्या. मग चाचरत म्हणाल्या की दुकान कधीच विकलं, आई आणि भाऊ कुठं राहतात ते कुणाला माहीत नाही. पण सगळ्यांना तुम्ही आठवता. सगळे एकच सांगतात.

“काय सांगतात?”

“की ती पोरगी केव्हाच गेली.”

खोलीतली सगळी शिवणयंत्रं थांबली होती. तिनं समाजसेविकेकडे बघितलं. तिला खरंच समजलं नव्हतं. तिनं विचारलं, “कुठं?”

समाजसेविकेनं पेला खाली ठेवला. मग तिला समजलं. ती खाली बघत राहिली, आपल्या हातांकडे, पायांकडे, दोरीनं बांधलेल्या दाभणाकडे. आपण मेलो आहोत ही बातमी माणसाला सहसा मिळत नाही. तिला ती एका चांगल्या बाईकडून, पंख्याखाली बसून मिळाली. त्या दिवसापासून तिच्या तोंडी तो प्रश्न बसला. आणि पहिला फायदा पोपटीणीला झाला. कुठंबाईनं आयाबाईला सोडलंच नाही: कुठं गेली, ते सांगा. आयाबाई वैतागून म्हणाली, अगं, पुलापलीकडच्या घरात गेली, बऱ्या झालेल्या बायकांना ठेवतात तिथं, कोंबड्या पाळते. वॉर्डातल्या बायका एकमेकींकडे बघतच राहिल्या. त्यांनी तिचं सुतक मनात पाळलं होतं, आणि ती कोंबड्या पाळत होती.

पुलापलीकडच्या घरात कुठंबाईलाही जागा देत होते. ती नको म्हणायची. आई येते म्हणाली आहे, असं ती आता म्हणत नसे; पण फाटकापासून लांब जायला तयार नसे.

मग इस्पितळानं जुन्या गाद्या पिंजून घ्यायचं ठरवलं आणि एका गादीवाल्याला बोलावलं. त्यानं टेंपोत पिंजायचं यंत्र आणलं आणि अंगणात झाडाखाली मांडलं. पोट सुटलेला, कानाशी केस पिकलेला, बडबड्या माणूस. आयाबाईशी त्याची लगेच गट्टी जमली. तो म्हणाला, तुमच्या गाद्यांत कापूस कमी आणि ढेकूण जास्त, पिंजू कुणाला? आयाबाई म्हणाली, ढेकूण सरकारी आहेत, मोजून परत करा. असं चाललं होतं. त्यानं पुढची गादी ओढली, टाके उसवायला कात्री घातली, आणि कात्री तशीच राहिली.

टाक्याला शेपटी होती.

त्यानं बोट फिरवलं. दोरा वर येत होता, स्वतःच्या मागून वळत होता, खाली जात होता. त्यानं दुसरी गादी ओढली. तिसरी. सगळ्यांवर तोच टाका, मागं वळून बघणारा. हा टाका येणारी तीन माणसं जगात झाली. एक बाबा. एक तो स्वतः. आणि तिसरी गेली होती. त्यानं विचारलं, हे कुणी शिवलं? आयाबाई म्हणाली, आमच्या कुठंबाईनं, ती काय, खिडकीत बसलीय.

तो उठला. यंत्र चालूच राहिलं होतं, कापूस उडत होता. त्याच्या केसांवर, खांद्यावर, भुवयांवर कापूस होता. तो खिडकीशी गेला आणि त्यानं गज धरले.

आत कुठंबाईनं मान वर केली. खिडकीत बाबा उभे होते. पांढऱ्या भुवया, तेच नाक, तसेच उघडे ओठ. ती ओरडली नाही. तिनं दाभण टेबलावर नीट ठेवला, उठली, चालत डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली आणि दारातूनच म्हणाली, “बाई, माझं पुन्हा सुरू झालंय. औषध वाढवा. मला बाबा दिसतायत.”

डॉक्टरीणबाई तिच्याबरोबर आल्या. त्यांनी खिडकीकडे बघितलं. तिथं एक माणूस गज धरून उभा होता, आणि तो बाईंना विचारत होता की तुम्हालाही ती दिसते ना, तुमच्या शेजारी, दात नसलेली, ती माझी मेलेली बहीण आहे, माझ्या डोक्यात काही झालंय का. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी कुठंबाईच्या पाठीवर हात ठेवला.

“औषध वाढवायला नको,” त्या म्हणाल्या. “मलाही दिसतोय.”

भाऊबहीण झाडाखाली दिवसभर बसली. तिनं त्याच्या भुवयांवरचा कापूस काढला. तो पोरासारखा रडला आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, चल घरी, आत्ता चल, टेंपो आहे. तिनं विचारलं, “आई आहे?” आहे म्हणाला. मग तिनं मांडीवरचा कापूस गोळा केला. शेवटी तिनं त्याला सांगितलं की घरी यायचं की पुलापलीकडे जायचं ते नंतर बघू. आधी एक हवंय. मी कुठं होते ते आईनं तिच्या तोंडानं सांगावं. मला नाही, मला माहीत आहे. ज्यांना तिनं गेली म्हणून सांगितलं, त्यांच्यासारख्या कुणाला तरी, चारचौघांत, मोठ्यानं सांगावं. मग मी जिवंत.

धाकटा घरी गेला. आईलाच इस्पितळातून कुणी चुकीचं सांगितलं असेल, असं त्यानं धरलं होतं. वाटभर त्याला भीती वाटत होती की हे ऐकून आई कोसळेल, म्हातारं माणूस, काही होऊन बसेल. त्यानं तिला हात धरून बसवलं आणि सांगितलं, ताई जिवंत आहे. आई सुपात कापूस घेऊन सरकी वेचत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली, “खूप वाळलीय का?”

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. ती चकित झाली नव्हती. सबंध दिवसातला मोठा धक्का त्याला आत्ता बसला. ज्या बहिणीसाठी तो आईच्या मांडीत तोंड खुपसून कितीदा रडला होता, त्या प्रत्येक वेळी त्या मांडीला सगळं ठाऊक होतं.

ठरल्या दिवशी कुठंबाई टेंपोतून आली. धुतलेले कपडे, हातात एक कापडी पिशवी, तिच्या स्वतःच्या शिवणीची. गल्लीतल्या सार्वजनिक नळावर समोरची शेजारीण बादली लावून उभी होती. अनोळखी बाई उतरलेली बघून तिनं हाक मारून विचारलं, “कोण पाहुणे, आजी?” आई दारातच होती. मुलगी तिच्यापासून हातभर अंतरावर. आईच्या ओठांची चाळवाचाळव झाली.

“नात्यातली आहे,” आई म्हणाली. “लांबच्या.”

धाकट्यानं मान खाली घातली. कुठंबाई मात्र पायातल्या चपला काढत होती, त्या तिनं जोडीनं लावल्या आणि आत आली.

आत आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, केसांवरून, मग ओठांशी येऊन हात थांबला. दात कुठं गेले, असं आईनं विचारलं. कुठंबाईनं सांगितलं. पितळी चमच्याचं सगळं सांगितलं. आई ऐकत होती आणि तिचं तोंड उघडं होतं, त्या दुपारसारखं. मग तिनं आपलं सांगितलं. एकदा आले होते गं मी, म्हणाली, फाटकापर्यंत. दारवानानं विचारलं, कुणाला भेटायचंय? मुलीला, असं म्हणायचं होतं. पण सगळ्यांना सांगून बसले होते, रडून बसले होते, जीभ उचललीच नाही. चुकून आले म्हणाले आणि परतीच्या बसमध्ये बसले.

कुठंबाई म्हणाली, “आई, त्या नळावरच्या बाईला सांग. मी कोण ते, आणि कुठं होते ते.”

“आता? या वयात?”

“आता.”

आई दाराकडे बघत राहिली. नळाचा आवाज येत होता. “इथंही मी तेच सांगितलंय,” ती हळू म्हणाली. “माझी पोर गेली म्हणून ही बाई माझ्याजवळ बसून रडलीय. त्या मागच्या पेठेतल्या बायका रडल्यात. लोकांचं रडणं मी आता परत कसं देऊ?”

कुठंबाईनं पेल्यातलं पाणी संपवलं, पेला पालथा घातला. सुपातला कापूस चिमटीत घेऊन बघितला, चांगला आहे म्हणाली. पिशवी उचलली आणि उंबऱ्याशी येऊन चपलांत पाय घातले.

“जाते,” ती म्हणाली.

आणि आईच्या तोंडून, विचार करायच्या आधी, जुन्या सवयीनं निघालं, “जाते म्हणू नये. येते म्हणावं.”

धाकट्याला वाटलं, भिंत अंगावर येते. कुठंबाईनं आईकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. लहानपणी मुद्दाम जाते म्हणून आईला चिडवायची, तसा खोडकरपणाही नव्हता.

“येते तू म्हणाली होतीस,” ती म्हणाली. “मी जाते म्हणते. पुलापलीकडच्या घरात जाते. पोपटीणीशेजारची खाट रिकामी आहे, तिथं. कुणी विचारलं तर नुसतं गेली म्हणू नकोस, आई.”

ती निघाली. धाकटा टेंपोची किल्ली घेऊन मागं धावला, तर तिनं हातानंच थांबवलं. बस आहे, मला चढता येतं. गल्ली सरळ होती. ती भिंतीच्या कडेनं चालली होती, इतकी वर्षं भिंतीशी चालायची सवय. मग एका दारापाशी ती कडा सोडून मधोमध आली.

शेजारणीची बादली भरत आली होती. “गेल्या का पाहुण्या?” तिनं विचारलं. “चहासुद्धा न घेता?”

“गेली,” आई म्हणाली.

धाकट्यानं डोळे मिटले. आईनं दाराची चौकट धरली. तिला श्वास पुरत नव्हता, वाक्य मोठं होतं. तिनं श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि जिचा चढलेला आवाज या गल्लीनं कधी ऐकला नव्हता ती म्हातारी सबंध गल्लीला ऐकू जाईल असं बोलली.

“पुलापलीकडच्या घरात गेली. माझी थोरली आहे ती. मेली नव्हती. वेड्यांच्या इस्पितळात होती, मी ठेवली होती, आणि मी पुन्हा गेलेच नाही.”

शेजारीण वळली. बादली भरून वाहू लागली, पाणी तिच्या पायांवरून गल्लीत पसरलं, आणि तिनं नळ बंद केला नाही.

गल्लीच्या टोकाला कुठंबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिची चाल थोडी मंदावली. ती मागं वळली नाही. तशीच कोपऱ्यापर्यंत गेली, डावीकडे बसथांब्याकडे वळली, आणि दिसेनाशी झाली. चौकट धरून आई, तिच्या मागं हातात किल्ली घेतलेला धाकटा, आणि वाहत्या नळाशी ती शेजारीण, तिघं त्या कोपऱ्याकडे बघत राहिली.